४ जीबीचा डेटाबेस, ७० जीबीची लॉग फाइल: ती का फुगते, कशी आवरायची आणि पुन्हा फुगू नये म्हणून काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. छोट्या ऑफिसात एकच विंडोज सर्व्हर आहे आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावरच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालतं. डेटाची एमडीएफ फाइल ४ जीबीची आहे, पण शेजारची एलडीएफ, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारी लॉग फाइल ७० जीबीच्या पुढे गेली आहे आणि डिस्क भरत आली आहे. रोज रात्री पूर्ण बॅकअप होतो, तरी ही फाइल कमी होत नाही. सर्व्हिस बंद करून ती डिलीट केली तर चालेल का?

डिलीट करू नका. एरर लॉग नावाच्या ज्या मजकुराच्या फाइली असतात, त्यातल्या जुन्या उडवल्या तर काही बिघडत नाही. एलडीएफ मात्र डेटाबेसचाच भाग आहे. कुठलाही बदल आधी या लॉगमध्ये डिस्कवर लिहिला जातो आणि त्यानंतरच तुमच्या सॉफ्टवेअरला ‘झालं’ असं उत्तर मिळतं. एमडीएफमधली पानं मागाहून, चेकपॉइंटच्या वेळी (मेमरीतले बदल डेटा फाइलमध्ये उतरवण्याची क्रिया) लिहिली जातात. त्यामुळे चालू डेटाबेसच्या बाबतीत पक्क्या झालेल्या काही नोंदी फक्त लॉगमध्येच असण्याची शक्यता नेहमीच असते. एलडीएफ उडवली आणि डेटाबेस नीट बंद झालेला नसला, तर तो ‘रिकव्हरी पेंडिंग’ किंवा ‘सस्पेक्ट’ होऊन बसतो. मग बॅकअपवरून मागे जायचं नसेल तर इमर्जन्सी मोड आणि चेकडीबी या तपासणी-दुरुस्तीच्या कमांडचा ‘रिपेअर अलाउ डेटा लॉस’ हा पर्याय एवढंच हाती उरतं. त्यातून डेटाबेस उघडला तरी अर्धवट व्यवहार तसेच आत राहतात: बिल बनलेलं असतं, पण स्टॉकमधून माल वजा झालेला नसतो. अशी चूक ताळेबंद जुळवताना कित्येक महिन्यांनी सापडते.

डेटाबेस डिटॅच करा (सर्व्हरपासून सोडवा), एलडीएफ हटवा, पुन्हा अटॅच करा (जोडा), ही युक्तीही बऱ्याच ठिकाणी सुचवलेली दिसते. डेटाबेस स्वच्छ बंद झाला असेल तर सर्व्हर नवी लॉग फाइल बनवून देतो, म्हणून ती बहुतेक वेळा चालते. ज्या वेळी चालत नाही, त्या वेळी अटॅच नाकारलं जातं आणि तोवर जुनी फाइल तुम्ही उडवलेली असते. त्याच कामासाठी सुरक्षित रस्ता असताना हा धोका पत्करायचं काहीच कारण नाही.

आता फाइल वाढते का ते पाहू. डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल, म्हणजे लॉग कधीपर्यंत जपायचा हे ठरवणारी सेटिंग, ‘फुल’ असेल, तर लॉगमधली जागा फक्त लॉग बॅकअप (नुसत्या लॉगची वेगळी प्रत) घेतल्यावरच पुन्हा वापरायला मोकळी होते. पूर्ण बॅकअपने ती मोकळी होत नाही. पूर्ण बॅकअप स्वतःला सुसंगत ठेवण्यापुरता लॉगचा तुकडा सोबत घेतो आणि बाकी लॉगला हात लावत नाही. तसं असणंच योग्य आहे: कालचा बॅकअप खराब निघाला तर गेल्या आठवड्याचा पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरची लॉग बॅकअपची अखंड साखळी यांवरून आजपर्यंत येता यावं, म्हणून ही साखळी पूर्ण बॅकअपमुळे तुटू दिली जात नाही.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. फुल मॉडेलमधल्या डेटाबेसचा पहिला पूर्ण बॅकअप होईपर्यंत सर्व्हर लॉग आपोआप मोकळा करत राहतो, म्हणजे तोवर तो सिंपल मॉडेलसारखाच वागतो. म्हणून ‘इतकी वर्षं त्रास नव्हता, शिस्तीत रोजचा बॅकअप सुरू केला आणि लॉग वाढायला लागला’ अशी तक्रार येते. ती तक्रार अगदी खरी असते. दोष बॅकअपचा नसतो, अर्ध्यावर सोडलेल्या बॅकअप योजनेचा असतो. स्टँडर्ड आवृत्तीत नवा डेटाबेस मुळातच फुल मॉडेलमध्ये तयार होतो. एक्सप्रेस या मोफत आवृत्तीत तो सिंपलमध्ये होतो. सॉफ्टवेअर बसवणारा माणूस याबद्दल सहसा काही विचारत नाही आणि सांगतही नाही.

काहीही करण्याआधी दोन गोष्टी बघा. डीबीसीसी एसक्यूएलपर्फ या कमांडला लॉगस्पेस हा पर्याय देऊन चालवलं की प्रत्येक डेटाबेसच्या लॉगचा आकार आणि त्यातला किती टक्के भाग वापरात आहे ते दिसतं. ७० जीबीतला ९९ टक्के वापरात असणं आणि ७० जीबीतला २ टक्के वापरात असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्या प्रकारात कारण केव्हाच संपलेलं असतं, फक्त ताणली गेलेली फाइल मागे उरलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे सिस डॉट डेटाबेसेस या व्ह्यूमधले रिकव्हरी मॉडेल डेस्क आणि लॉग रीयूज वेट डेस्क हे दोन कॉलम. लॉगमधली जागा कशामुळे अडली आहे ते सर्व्हर स्वतःच या दुसऱ्या कॉलममध्ये सांगतो. हा कॉलम न वाचता श्रिंक (फाइल आकसवणं) करत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

तिथे ‘लॉग बॅकअप’ असं लिहिलेलं असेल तर वर सांगितलेलंच कारण. छोट्या ऑफिसात बहुतेक वेळा हेच निघतं. ‘अ‍ॅक्टिव्ह ट्रान्झॅक्शन’ असेल तर कुठलातरी व्यवहार उघडा राहिला आहे. डीबीसीसी ओपनट्रान चालवा, सर्वांत जुना उघडा व्यवहार कुठल्या सेशनचा आहे आणि कधी सुरू झाला ते कळतं. कुणीतरी मॅनेजमेंट स्टुडिओत बिगिन ट्रानने व्यवहार सुरू करून तो कमिट (पक्का) न करता घरी गेलेलं असतं, किंवा सॉफ्टवेअरची एखादी खिडकी व्यवहार धरून ठेवते. ‘रेप्लिकेशन’ (डेटाची दुसऱ्या सर्व्हरवर नक्कल) दिसलं आणि तुमच्याकडे रेप्लिकेशन नसेलच, तर चेंज डेटा कॅप्चर (बदल टिपून ठेवणारी सोय) चालू आहे का ते आधी तपासा. तेही नसेल तर डेटाबेस कधीतरी रेप्लिकेशन असलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरून आणलेला असू शकतो. तेव्हा एसपी रिमूव्हडीबीरेप्लिकेशन ही प्रोसीजर जुने अवशेष काढते. ‘अ‍ॅक्टिव्ह बॅकअप ऑर रिस्टोअर’ म्हणजे बॅकअप चालू आहे, तो संपू द्या. ‘नथिंग’ म्हणजे काही अडलेलं नाही, थेट आकार कमी करायला घ्या.

पुढचं पाऊल तांत्रिक नाही. मालकाला किंवा हिशेब सांभाळणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: सर्व्हरची डिस्क दुपारी चार वाजता गेली, तर सकाळपासूनच्या नोंदी पुन्हा भरता येतील का? कागदावरची बिलं हाताशी आहेत, दिवसाला मोजक्याच नोंदी होतात आणि ‘हो, भरू’ असं उत्तर आलं, तर सिंपल मॉडेल आणि रोजचा बॅकअप पुरेसा आहे. दुपारी एक डिफरन्शियल बॅकअप (पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या भागाचा) जोडला तर नुकसान आणखी कमी होतं. उत्तर ‘नाही’ असेल तर फुल मॉडेल ठेवा आणि दर १५ मिनिटांनी किंवा निदान तासाला लॉग बॅकअप घ्या. फुल मॉडेल ठेवून लॉग बॅकअप न घेणं हा या दोहोंपैकी कुठलाच पर्याय नाही. त्यात डिस्क तर भरतेच, आणि डिस्क गेली की रात्रीनंतरचं सगळं कामही जातं. सगळा त्रास सोसायचा आणि फायदा शून्य. म्हणून लॉग फाइलचा आकार हा खरं तर न घेतलेल्या निर्णयाचा आकार असतो. तो निर्णय घेतला की बाकी काम अर्ध्या तासाचं.

सिंपल ठरलं तर क्रम असा. आधी पूर्ण बॅकअप घ्या, तो वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि रिस्टोअर व्हेरिफायओन्ली चालवून वाचता येतो याची खात्री करा. मग अल्टर डेटाबेस वापरून रिकव्हरी सिंपल करा. नंतर त्याच डेटाबेसमध्ये चेकपॉइंट ही कमांड चालवा आणि लॉगस्पेस पुन्हा बघा. वापराची टक्केवारी एकदम खाली आलेली दिसेल, पण डिस्कवरची फाइल अजून ७० जीबीचीच असेल. हे बरोबरच आहे. जागा मोकळी होणं आणि फाइल लहान होणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. फाइल लहान करण्यासाठी डीबीसीसी श्रिंकफाइल लागते. तिला फाइलचं लॉजिकल नाव आणि हवा असलेला आकार एमबीमध्ये द्यायचा असतो. लॉजिकल नाव डिस्कवरच्या नावासारखंच असेल असं धरून चालू नका, सिस डॉट डेटाबेस फाइल्स या व्ह्यूमधून बघून घ्या.

फुल ठरलं तर आधी लॉग बॅकअप. पहिला लॉग बॅकअप साधारण वापरात असलेल्या लॉगएवढा, म्हणजे इथे ७० जीबीच्या आसपास होईल, तेव्हा बाहेरच्या डिस्कवर तेवढी जागा आहे का ते पाहा. स्टँडर्ड आवृत्तीत २००८ आर२ पासून बॅकअप कॉम्प्रेशन आहे, ते चालू केलं की बराच फरक पडतो. तेवढी जागा मिळतच नसेल, तर काही काळ सिंपलवर जा, फाइल लहान करा, परत फुलवर या आणि लगेच पूर्ण किंवा डिफरन्शियल बॅकअप घ्या. शेवटची पायरी चुकली तर साखळी सुरूच होत नाही. मॉडेल फुल दिसत राहतं, पण लॉग बॅकअप घ्यायला गेलात की चालू डेटाबेस बॅकअप नाही असं सांगून सर्व्हर नकार देतो. या वाटेने गेल्यास मधल्या काळातल्या हव्या त्या मिनिटाला परत जाण्याची सोय तुम्ही सोडून देता, हे समजून उमजून करा. जुन्या लेखांमध्ये बॅकअप लॉगला ट्रंकेट ओन्ली जोडायला सांगितलेलं आढळेल. ती सोय २००८ च्या आवृत्तीतच काढून टाकली आहे.

श्रिंकफाइल चालवूनही फाइल हलली नाही, तर घाबरू नका. आतून लॉग अनेक तुकड्यांत विभागलेला असतो, त्यांना व्हर्च्युअल लॉग फाइल म्हणतात. श्रिंक फक्त फाइलच्या शेपटीकडचे रिकामे तुकडे कापतो. सध्या ज्यात लिहिलं जातंय तो तुकडा शेवटी असेल, तर कापायला काहीच नसतं. फुल मॉडेलमध्ये पुन्हा एक लॉग बॅकअप घ्या, सिंपलमध्ये पुन्हा चेकपॉइंट द्या, दरम्यान थोडं काम होऊ द्या आणि श्रिंक परत चालवा. लिहिणं फिरून फाइलच्या सुरुवातीला आलं की शेपूट मोकळी होते. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. मोठे तुकडे असलेल्या फाइलला जास्त फेऱ्या लागू शकतात.

आकार किती ठेवायचा? शक्य तितका लहान, असं अनेकजण करतात आणि चुकतात. लॉगला कामाच्या ताणाला जेवढी जागा लागते, तेवढी तो पुन्हा घेणारच. प्रत्येक वाढीच्या वेळी नवी जागा शून्यांनी भरली जाते आणि तेवढा वेळ सगळ्यांचं काम थांबतं. डेटा फाइलसाठी इन्स्टंट फाइल इनिशिअलायझेशनची, म्हणजे शून्यं न भरता जागा घेण्याची, सोय असते. लॉगला ती लागू नव्हती. २०२२ च्या आवृत्तीपासून ६४ एमबीपर्यंतच्या आपोआप वाढीला तिचा फायदा मिळतो. तेव्हा आठवडाभर, महिनाअखेरीसह, लॉगचा सर्वाधिक वापर किती होतो ते पाहा आणि त्याच्या थोडा वर आकार ठेवा. ४ जीबीच्या डेटाबेसला, लॉग बॅकअप वेळेवर होत असतील तर, १ ते २ जीबी सहसा पुरतो. सर्वांत मोठ्या टेबलाचा इंडेक्स रीबिल्ड होत असेल (नव्याने बांधला जात असेल) तर त्या इंडेक्सच्या आकाराहून लॉग थोडा मोठा हवा.

मी सुचवतो ती पद्धत अशी: आधी श्रिंक करून लॉग शंभरेक एमबीवर आणा, मग अल्टर डेटाबेस मॉडिफाय फाइलने तो एकाच वेळी २ जीबी करा आणि वाढीचं माप २५६ किंवा ५१२ एमबी असं ठरावीक द्या, टक्क्यांत देऊ नका. २०१६ च्या आधीच्या आवृत्त्यांत लॉगची वाढ मुळात १० टक्के असायची. ७० जीबीच्या फाइलची १० टक्के वाढ म्हणजे एका फटक्यात ७ जीबी, आणि तेवढा वेळ बिलिंग ठप्प. उलट १ एमबीने वाढत गेलेल्या लॉगचे हजारो बारीक तुकडे होतात आणि सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर डेटाबेस उघडायलाच फार वेळ लागतो. २०२२ च्या आधीच्या आवृत्त्यांत ६४ एमबीपर्यंतच्या वाढीत ४ तुकडे, त्यापुढे १ जीबीपर्यंत ८ आणि त्याहून मोठ्या वाढीत १६ तुकडे होतात. २०१४ पासून, वाढ चालू आकाराच्या आठव्या भागाहून लहान असेल तर एकच तुकडा होतो. तुकडे मोजायला डीबीसीसी लॉगइन्फो वापरा, जितक्या ओळी तितके तुकडे. चार आकडी संख्या दिसली तर वरची पद्धत एकदा नक्की करा.

कमाल मर्यादाही घाला. डिस्कवर ४० जीबी मोकळे असतील तर लॉगला २० जीबीची मर्यादा पुरे. मर्यादा गाठली तर त्या डेटाबेसचं लिहिणं थांबेल, पण विंडोजसकट सगळा सर्व्हर बंद पडणार नाही.

डिस्क आधीच शून्यावर आली असेल आणि ९००२ ही ‘लॉग भरला’ सांगणारी एरर येत असेल, तर पहिली सूचना: सर्व्हिस रीस्टार्ट करू नका. मोठा व्यवहार अर्धवट असेल तर रीस्टार्टनंतर डेटाबेस रिकव्हरीत जाईल, तो मागे फिरवला जाईपर्यंत डेटाबेस वापरता येणार नाही, आणि जागाच नसेल तर तो उघडणारही नाही. आधी त्याच ड्राइव्हवर पडलेले जुने बॅकअप, इन्स्टॉलरच्या फाइली दुसरीकडे हलवा. मग लॉग बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घेऊन बघा, लॉग भरलेला असतानाही तो बहुधा होतो. तेही जमत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर अल्टर डेटाबेस अ‍ॅड लॉग फाइलने दुसरी लॉग फाइल जोडा, काम लगेच सुरू होईल. दोन लॉग फाइलींनी वेग वाढत नाही, म्हणून परिस्थिती निवळली की ती रिकामी करून काढून टाका. अडकलेलं सेशन किल करायचं ठरवलं तर रोलबॅकला (व्यवहार मागे फिरवायला) वेळ लागेल हे गृहीत धरा. त्यासाठी लागणारी लॉगची जागा सर्व्हरने आधीच राखून ठेवलेली असते. किल विथ स्टेटसओन्ली चालवलं की प्रगतीचा अंदाज मिळतो.

आता पुन्हा फुगण्याची कारणं. मेंटेनन्स प्लॅनमध्ये ‘सगळे इंडेक्स रीबिल्ड करा’ आणि लगेच खाली ‘डेटाबेस श्रिंक करा’ अशी जोडी ठेवलेली वारंवार दिसते. फुल मॉडेलमध्ये रीबिल्ड पूर्णपणे लॉगमध्ये लिहिला जातो, म्हणून रोज रात्री जवळजवळ अख्खा डेटाबेस लॉगमधून जातो. नंतरचा श्रिंक डेटाची पानं हलवून तेच इंडेक्स पुन्हा विस्कळीत करतो आणि ते हलवणंही लॉगमध्ये लिहिलं जातं. श्रिंकची पायरी काढून टाका, ऑटो श्रिंकही बंद करा. छोट्या डेटाबेसला स्टॅटिस्टिक्स अपडेट करणं पुरतं, रीबिल्ड आठवड्यातून एकदा आणि गरज असेल त्याच टेबलांचा करा.

जुन्या वर्षांचा डेटा एका डिलीटमध्ये काढणं हे दुसरं कारण. सिंपल मॉडेल असलं तरी एकच व्यवहार संपेपर्यंत त्याचा लॉग मोकळा होत नाही. डिलीट टॉप ५००० असे तुकडे पाडून लूपमध्ये चालवा, प्रत्येक तुकडा स्वतंत्र कमिट होऊ द्या. फुल मॉडेलमध्ये हे चालू असताना मधूनमधून लॉग बॅकअपही व्हायला हवेत.

तिसरं कारण म्हणजे एकाच डेटाबेसचे लॉग बॅकअप घेणारी दोन साधनं. सर्व्हरची इमेज घेणारं सॉफ्टवेअर लॉग मोकळा करत असेल आणि तुमचं स्वतःचं जॉबही लॉग बॅकअप घेत असेल, तर साखळीच्या अर्ध्या कड्या एकाकडे आणि अर्ध्या दुसऱ्याकडे राहतात. दोन्हीकडे सगळं हिरवं दिसतं, रिस्टोअरच्या वेळी मात्र अडतं. एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमधल्या बॅकअपसेट या टेबलात कुणी, कधी, कुठल्या प्रकारचा बॅकअप घेतला ते नोंदलेलं असतं. लॉगचे बॅकअप एकाच साधनाकडे ठेवा.

ज्यांच्याकडे अजून विंडोज स्मॉल बिझनेस सर्व्हर २००८ चालू आहे, त्यांनी शेअरपॉइंटच्या कॉन्फिग डेटाबेसचा लॉग जरूर बघावा. तो फुल मॉडेलमध्ये असतो आणि कुणाच्याही नकळत सी ड्राइव्ह खातो. तो विंडोज इंटर्नल डेटाबेस या विंडोजसोबत येणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरवर असतो. त्याला साध्या सर्व्हर नावाने जोडणी होत नाही, नेम्ड पाइपचा पत्ता द्यावा लागतो आणि मॅनेजमेंट स्टुडिओ ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा लागतो. कॉन्फिग डेटाबेसच्या नावात हायफन असतात, म्हणून कमांडमध्ये नाव चौकोनी कंसात लिहा.

मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस असेल तर तत्त्व तेच, साधनं वेगळी. मायएसक्यूएलच्या बायनरी लॉग फाइली एक्सप्लोररमधून उडवू नका, पर्ज बायनरी लॉग्स वापरा. ८.० मध्ये त्या मुळात ३० दिवस राहतात, हवं तर कमी करा. पोस्टग्रेसमध्ये पीजी वॉल हे लॉगचं फोल्डर वाढत असेल, तर आर्काइव्ह कमांड अपयशी होते आहे का आणि एखादा सोडून दिलेला रेप्लिकेशन स्लॉट आहे का ते बघा. त्या फोल्डरमधली एकही फाइल हाताने हलवू नका.

शेवटी स्वयंचलन. एक्सप्रेसमध्ये एजंट (वेळापत्रकाप्रमाणे कामं चालवणारी सेवा) नसतो, म्हणून एसक्यूएलसीएमडीची बॅच फाइल लिहून टास्क शेड्युलरमधून चालवा. बॅकअपच्या फाइलनावात तारीख आणि वेळ घाला. एकच नाव दिलंत तर सर्व्हर मुळात त्याच फाइलला पुढचा बॅकअप जोडत जातो आणि लॉगऐवजी बॅकअपची फाइल डिस्क भरते. जुन्या फाइली काढणारी ओळ त्याच बॅच फाइलमध्ये ठेवा, पण नवा बॅकअप यशस्वी झाला तरच ती चालू द्या.

महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या नावाने रिस्टोअर करून उघडून बघा, नुसत्या व्हेरिफायओन्लीवर विसंबू नका. रिस्टोअर करताना सर्व्हर लॉग फाइल मूळ आकाराची बनवतो. बॅकअपची फाइल १ जीबीची असली तरी, बॅकअपच्या वेळी लॉग ७० जीबीचा असेल तर नव्या मशीनवर तेवढी जागा मोकळी लागते आणि ती सगळी शून्यांनी भरली जाईपर्यंत वाट बघावी लागते. म्हणून लॉग लहान केल्यानंतर त्याच दिवशी नवा पूर्ण बॅकअप घ्या आणि परफॉर्मन्स मॉनिटरमधल्या ‘पर्सेंट लॉग यूज्ड’ या काउंटरवर ७० टक्क्यांचा अलर्ट लावून ठेवा.